गादीच्या दुकानातली कादंबरी

तिचं खरं नाव कॉलेजच्या ओळखपत्रावर होतं, तेवढंच. घरात तिला सगळे कादंबरी म्हणत. हे दादाचं काम. एकदा जेवता जेवता तिनं "मी कादंबरी लिहायला घेतलीय" असं जाहीर केलं, आणि त्याच पंगतीत दादा म्हणाला, "बरं. कादंबरी, जरा मीठ दे." चिडवायला ठेवलेली नावं चिकटतात तसं तेही चिकटलं. आई सुरुवातीला दादाला रागवायची. मग एके दिवशी घाईगडबडीत तिच्याच तोंडून "कादंबरी, दार बघ गं" असं निघून गेलं, आणि विषय संपला.

खऱ्या कादंबरीचं मात्र एकच वाक्य लिहून झालं होतं, आणि तेही रोज बदलायचं. अडचण अशी होती की थोर कादंबरीला दुःख लागतं, आणि घरात कुणालाच धड दुःख नव्हतं. वडील संध्याकाळी कचेरीतून येत, चहा पीत आणि तेवढ्यावर खूश होत. आईचे गुडघे दुखत, पण ती त्याबद्दल बोलायला लागली की त्यात वेदनेपेक्षा मलमांची नावंच जास्त असत. दादाचं लग्न मध्यंतरी मोडता मोडता राहिलं होतं. म्हणजे तिथेही निराशाच.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी कादंबरी पंख्याखाली सतरंजी टाकून छताकडे बघत पडून राहू लागली. आईनं काही दिवस तिच्या भोवतीनं केर काढला. मग एकदा झाडू तसाच हातात धरून ती उभी राहिली.

"काय चाललंय?"

"विचार करतेय."

"उभं राहून नाही का करता येत?"

"आई, लेखकाला मोकळा वेळ लागतो."

"लेखकाला चपलाही लागतात. तुझ्या फाटल्यात. बाबांच्या शाळासोबत्याचं गाद्यांचं दुकान आहे, त्यांना सुट्टीपुरतं माणूस हवंय. मी हो म्हणून सांगितलंय."

बाबांचे ते शाळासोबती म्हणजे गादीवाले काका. माणूस गोल, मऊ आणि दाबलं की पुन्हा पूर्ववत होणारा, धंद्याला शोभेलसा. दुकान लांबट आणि अरुंद होतं. दाराशी पातळ, स्वस्तातल्या फोमच्या गाद्या, मध्ये स्प्रिंगच्या, आणि अगदी आत, दुकानातल्या एकुलत्या एक एसीखाली, 'महाराजा'. गाद्यांची नावं काकांनी स्वतः ठेवली होती. स्वस्तातली 'सोबत', मधली 'निवांत', आणि ही 'महाराजा'. महाराजावर फिकट निळ्या कापडात टपोऱ्या फुलांची शिवण होती आणि तिची किंमत सांगताना काका आवाज खाली आणत, जणू कुणाच्या आजारपणाबद्दल बोलतायत.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. "दुकानात बसायचं नाही. विकणारा बसलेला दिसला की गिऱ्हाईक उभ्याउभ्या परत जातं."

अशा रीतीनं कादंबरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुकानभर पसरलेल्या गाद्यांच्या मधोमध उभी राहू लागली. एवढ्या मऊ वस्तूंच्या संगतीत पायांचे असे हाल होतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. कामही कंटाळवाणं. गाद्यांवरच्या प्लास्टिकची धूळ पुसायची, उन्हात तापून आलेल्या लोकांना "आडवे होऊन बघा ना" म्हणायचं, आणि त्यांच्या पोरांना महाराजावर उड्या मारण्यापासून थोपवायचं. नवरा-बायको आले की भांडण ठरलेलं. एकाला कडक हवी, दुसऱ्याला मऊ. बोलणं गादीवरून सुरू व्हायचं आणि बघता बघता सासरपर्यंत जाऊन पोचायचं. मग काका पुढे होऊन म्हणत, "दोन वेगळ्या घ्या ना," आणि दोघंही एकदम काकांवर चिडत.

कादंबरीला एकच विरंगुळा होता, लोक आडवे कसे होतात ते बघणं. परक्यांसमोर कुणीही झोपतो तसा आडवा होत नाही, हे तिच्या लक्षात आलं. सगळे पाय जुळवून, हात सरळ ठेवून, छताकडे बघत पडतात. एक्स-रे काढायला आल्यासारखे. मोठमोठ्या आवाजात घासाघीस करणारी माणसं पाठ टेकताक्षणी कुजबुजायला लागतात. यावर एखादा निबंध होईल असं तिला वाटलं. मग वाटलं, निबंध कोण वाचतं.

त्या दिवसांतच ते गृहस्थ आले.

भर दुपारची वेळ होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, विरळ पांढरे केस, हातात कापडी पिशवी. "जरा बघू का?" असं सौम्यपणे विचारत ते आत आले, दाराजवळच्या गाद्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट महाराजापाशी पोचले, चपला जोडीनं काढून ठेवल्या, चष्मा खिशात घातला, कुशीवर वळले आणि गालाखाली हात घेऊन झोपी गेले. एक्स-रे वगैरे काही नाही. घरी झोपतात तसे. क्षणात बारीकशी शिट्टीही वाजू लागली.

काका दबकत जवळ आले. "झोपले की काय हे?"

"असं वाटतंय."

"उठव."

कादंबरीनं हात पुढे केला आणि मागे घेतला. इतक्या मनापासून झोपलेल्या माणसाला उठवणं म्हणजे जेवत्या ताटावरून ओढल्यासारखं वाटलं तिला. "काका, तुम्हीच उठवा ना."

काका स्वभावानं भिडस्त. ते खोकले. मग टेबलावर स्टेपलर आपटला. मग रेडिओ लावला. गृहस्थांची शिट्टी रेडिओच्या तालाशी जुळली, एवढाच फरक पडला. ऊन कलल्यावर ते आपणहून उठले, केसांवरून हात फिरवला, "छान आहे. घरी विचारून सांगतो," असं म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. जाताना रोज तेच, "घरी विचारून सांगतो."

"रोज विचारतात तरी कुणाला?" काका वैतागून म्हणाले. "उद्या तूच सांगायचं त्यांना. ही काही धर्मशाळा नाही म्हणावं."

कादंबरीच्या डोक्यात मात्र काकांचा पहिला प्रश्नच राहिला. खरंच, विचारतात कुणाला? घरी विचारायला कुणी असतं तर माणूस दुपारी दुकानात येऊन झोपला असता का? ती घरी जाईपर्यंत गृहस्थांची बायको वारली होती.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांचा डोळा लागला तसं तिनं मनात वाक्य जुळवलं, घसा साफ केला, आणि नेमकं तेव्हाच एक नवं लग्न झालेलं जोडपं आत आलं. बायकोनं आत बोट दाखवलं. "अय्या, हे कोण झोपलेत?"

खरं उत्तर "माहीत नाही" असं होतं. पण दिवसभर "आडवे होऊन बघा" म्हणून म्हणून कादंबरीची जीभ वेगळं काहीतरी बोलायला आसुसली होती.

"हळू बोला हं," ती म्हणाली. "बिचारे. बायको गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रात्र रात्र खिडकीशी बसून राहायचे. डॉक्टर झाले, औषधं झाली. परवा सहज इथे आले, या गादीवर टेकले, आणि जे झोपलेत. आता आम्ही म्हणतो, झोपू दे. काय जातं आपलं."

नव्या नवरीचे डोळे भरून आले. तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. नवरा गादीचा कोपरा चाचपत म्हणाला, "हीच मिळेल का?"

टेम्पोवाल्याला फोन करून झाल्यावर काकांनी कादंबरीला टेबलापाशी बोलावलं. "तू ह्यांना ओळखतेस?"

"नाही."

"मग हे सगळं?"

"सुचलं."

काकांनी एकदा महाराजाकडे पाहिलं. मग म्हणाले, "एसी जरा वाढव. घाम आलाय त्यांना."

तिथून पुढे गोष्ट वाढतच गेली. गिऱ्हाईक येई, विचारी, कादंबरी सांगे. म्हातारी माणसं आली तर ती गृहस्थांचा संसार रंगवे. दारातली जाई, संध्याकाळचा एकत्र चहा. तरुण आले तर प्रेमविवाह, घरच्यांचा विरोध. लोक पाय न वाजवता महाराजाभोवती उभे राहत, उसासे सोडत आणि निदान 'निवांत' तरी घेऊन जात. काकांनी गृहस्थांच्या उशाशी एक छोटं स्टूल ठेवलं, त्यावर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला. बोलताना तेही कुजबुजू लागले. उठल्यावर गृहस्थ पाणी पीत, "फार चांगली माणसं आहात तुम्ही. घरी विचारून सांगतो," म्हणत आणि निघत. आता काका त्यांना दारापर्यंत सोडायला जात.

कादंबरी सांगत असली की काका हिशेबाचं यंत्र थांबवून ऐकत, आणि सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही रुमाल काढत. मात्र संध्याकाळी दुकान आवरताना त्यांच्यातला समीक्षक जागा होई.

"काल बायकोला तापानं मारलंस, आज जिन्यावरून पाडलंस. काहीतरी एक ठरव. लोक एकमेकांना सांगतात."

"जिना परिणामकारक वाटला."

"ताप बरा. जिना म्हटलं की लोक जिन्याबद्दलच विचारत बसतात. आणि त्यांना एक मुलगा ठेव. परदेशी. बापाकडे न बघणारा मुलगा असला की लोक स्प्रिंगच्या खाली उतरत नाहीत."

मुलगा आला. परदेशी गेला. खप वाढला. कादंबरीचे पाय दुखायचे थांबले नव्हते, पण आता तिचं तिकडे लक्षच नसे. आयुष्यात पहिल्यांदा तिला श्रोते मिळाले होते.

"माझी गोष्ट ऐकून लोक रडतात," तिनं घरी सांगितलं.

"रडून काय करतात?" दादानं विचारलं.

"गादी घेतात."

"मग ती गोष्ट नाही, जाहिरात आहे," दादा म्हणाला. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. कारण तसं तिलाही मधूनमधून वाटत होतं.

अशातच एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. ठेंगण्या, चटपटीत, पदर खोचलेला. दारातच थांबून त्यांनी मांडलेल्या गाद्यांवरची शिवण एकेक करून निरखली. सोबतवर चौकटी होत्या, निवांतवर लाटा. मग त्यांची नजर आत गेली आणि तिथेच राहिली.

"ते कोण झोपलेत?" त्यांनी विचारलं.

कादंबरी पुढे सरसावली. "हळू बोला हं, काकू. बिचारे."

"का? काय झालं त्यांना?"

कादंबरीनं सांगायला घेतलं. तिला आज चांगली लय सापडली होती. बाईही ऐकणाऱ्या निघाल्या. मध्ये तोंड न घालता, मान थोडी तिरकी करून त्या ऐकत होत्या.

"बायको कशी होती हो ह्यांची?" त्यांनी विचारलं.

"देवमाणूस. कधी आवाज चढवला नाही. हे दुपारी आडवे झाले की आवाज न करता दार ओढून घ्यायची, उशाशी पाणी ठेवायची आणि हे उठेपर्यंत बाहेरच्या खोलीत नुसती बसून राहायची."

"नुसती?"

"नुसती."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "आणि गेली कशानं?"

"तापानं."

"साध्याच?"

"साधाच वाटला होता आधी."

"कुणा डॉक्टरला दाखवलं की नाही ह्यांनी?"

हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "दाखवलं ना," कादंबरी सावरून म्हणाली. "पण उशीर झाला होता."

"होणारच. ह्यांना सगळ्यालाच उशीर होतो. मग पुढे?"

"मग काय, ह्यांनी अन्नपाणी सोडलं."

बाईंनी महाराजावर लयीत वर-खाली होणाऱ्या पोटाकडे नीट पाहिलं. "सोडलेलं दिसत नाही."

काका मदतीला धावले. टेबलामागून ते खोल आवाजात म्हणाले, "मुलगा परदेशी. ढुंकून बघत नाही."

"मुलगा," बाई म्हणाल्या, "मागच्या गल्लीत राहतो. रोज संध्याकाळी डबा न्यायला येतो. बायकोला कंटाळा आला की दोघं येतात." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "आणि ती तापानं गेलेली, ती मी."

काका टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. कादंबरीला वाटलं आपण निवांतच्या दोन थरांमध्ये शिरावं आणि वरून कुणीतरी प्लास्टिक चढवावं.

बाई महाराजापाशी गेल्या. हलवलं नाही, ओरडल्या नाहीत. रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, दूध वर येतंय."

गृहस्थ ताडकन उठून उभे राहिले, "बंद केला, बंद केला" म्हणत हवेतच गॅसचं बटण फिरवलं, आणि मग डोळे उघडले. समोर बायको बघून त्यांनी आधी चष्मा शोधला. कदाचित चष्म्यातून वेगळं काही दिसेल अशी आशा असावी.

"तू इथे कशी?"

"गेला महिनाभर तुम्ही वाचनालयात जाताय," बाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी गालावर फुलं उमटवून घरी येता. वाचनालयात कुठली फुलं? बाजारातली प्रत्येक सतरंजी, प्रत्येक सोफा माझा बघून झाला. आज इथे शिवण जुळली."

गृहस्थांनी नकळत गालाला हात लावला. फूल होतंच.

"घरी पलंग नाही का आपल्या?"

"आहे."

"मी कधी अडवलं तुम्हाला झोपायला?"

"अडवत नाहीस," गृहस्थ म्हणाले. "पण मी आडवा झालो की तुला माळा आठवतो. उभा असताना कधी आठवत नाही. बसलेला असतानाही नाही. पाठ टेकली की माळा, नाहीतर गळका नळ, नाहीतर तुझ्या बहिणीचं ते कपाट."

"मग कामं कुणी करायची?"

"मी करतो ना. पण आधी झोपून मग करतो म्हटलं तर तुला पटत नाही." हे त्यांनी इतक्या गरिबीनं सांगितलं की काकांनी सवयीनं रुमाल काढला.

बाईंनी कादंबरीकडे बोट केलं. "ही काय सांगत होती ठाऊक आहे? मी मेले. तुम्ही विधुर."

"मी?"

"अन्न सोडलंत. मुलगा परदेशी."

"कुठल्या देशात?" गृहस्थांनी विचारलं.

काका अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "ते अजून ठरलं नव्हतं."

गृहस्थ पुन्हा गादीच्या काठावर बसले. "म्हणजे तो माणूस मी होय," ते स्वतःशीच म्हणाले. "झोपेत अर्धवट कानावर यायचं. कुणाची तरी बायको गेलीय, तो खिडकीशी बसून असतो. मला वाटायचं, गिऱ्हाइकांपैकी कुणाचं तरी चाललंय. फार वाईट वाटायचं मला त्याचं." मग ते कादंबरीला म्हणाले, "पण तू सांगतेस छान हं. शांततेत मला झोप येत नाही. तू बोलायला लागलीस की काय गाढ लागते म्हणून सांगू."

कादंबरीला ही स्तुती नेमकी कुठे ठेवावी ते कळलं नाही. "माझं चुकलं, काकू," ती म्हणाली. "खरंच चुकलं. मला तुमच्याबद्दल काही माहीत नव्हतं."

बाईंच्या डोळ्यांतला राग आता नवऱ्यावर खर्च होऊन गेला होता. "लिहितेस का काही?"

"हो. म्हणजे, लिहायचंय."

"मग ऐक. मेल्याचं मला काही नाही. एक दिवस मरायचंच आहे. पण ती बाई कसली केलीस तू? हूं नाही की चूं नाही. दार ओढते आणि नुसती बसते. अशी बाई मेली तर घरात कुणाला कळेल तरी का? हे खिडकीशी कशाला बसतील? ह्यांना संध्याकाळी चहाच्या वेळी समजेल." त्या नवऱ्याकडे वळल्या. "खरं की नाही?"

"चहालाही नाही," गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले. "जेवायच्या वेळी."

"बघ. तिला आधी जरा बोलू दे. मग मार हवं तर."

कादंबरीनं मान हलवली. कॉलेजात एवढं नेमकं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे नुसतं 'छान प्रयत्न' असं लिहून देत.

यानंतर बाई काकांकडे वळल्या, आणि काका खुर्चीत आक्रसले. "इतके दिवस आमचे हे तुमच्याकडे कामाला होते म्हणायचे."

"अहो, ते झोपले होते."

"तेच काम होतं ना त्यांचं? त्यांच्या झोपेवर गाद्या खपल्या. मला मारून खपल्या."

काकांनी पाण्याचा पेला, एसी, स्टूल यांची बाजू मांडून पाहिली. पण बाईंनी नवऱ्याला बाजूला उठवलं आणि महाराजाच्या मधोमध पडलेला, कुशीवर झोपलेल्या माणसाच्या आकाराचा खड्डा दाखवला. "ही आता दुसरं कोण घेणार? ह्यांच्या मापाची झालीय." काकांनी खड्ड्यावर तळहात फिरवला. खड्डा वर आला नाही. शेवटी ज्या भावात ती गेली तो काकांनी टेम्पोवाल्यालाही कळू दिला नाही.

"घरी दुपारी झोपू देणार का पण?" टेम्पोत चढता चढता गृहस्थांनी विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या.

महाराजाची जागा रिकामी झाली तशी दुकानावर अवकळा आली. काकांनी नवी महाराजा आणून टाकली, पण झोपायला माणूस कुठून आणणार? काही दिवस त्यांनी कळ काढली. मग संकोचत कादंबरीला म्हणाले, "तूच जरा पड ना. तरुण मुलीला झोप नाही, हेही लोकांना पटेल."

सुट्टीभर ज्यासाठी पाय तळमळत होते ते असं हुकमानं मिळालं, आणि मिळालं तशी तिची झोप पार उडाली. ती डोळे मिटून पडली. कुणीतरी गादी दाबली, कुणीतरी तिची वेणी बाजूला सारून शिवण पाहिली. एका माणसानं विचारलं, "ही का झोपलीय?" आता सांगायचं काम काकांवर आलं. काकांनी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "ही मुलगी ना... फार झोपते." माणूस गेला. काका तिला उठवत म्हणाले, "तू सांगतेस तेव्हा सोपं वाटतं गं."

त्याच आठवड्यात निवांत घेऊन गेलेल्या एक बाई परत आल्या. गादीची तक्रार असेल म्हणून काका आतल्या बाजूला सरकले. पण बाईंनी कादंबरीला कोपऱ्यात घेतलं. त्यांची एक मोठी बहीण होती. एकटीच. स्वभाव शांत, हाताला चव. "ते गृहस्थ दिसत नाहीत आज? मी म्हटलं, दोघांनाही सोबत होईल. तूच जरा विचारून बघ ना."

काका आतून खुणेनं 'परदेशी गेले' असं सुचवत होते. कादंबरीनं तिकडे पाहिलं नाही.

"त्यांची बायको जिवंत आहे," ती म्हणाली.

बाईंनी डोळे बारीक केले. "मागच्या आठवड्यात तर वारली होती."

"ते मी खोटं सांगितलं होतं." आणि मग, बाई आता गादी परत करणार या भीतीनं, तिनं सगळं खरं सांगून टाकलं. गालावरची फुलं, दूध वर येतंय, माळा, सगळं. कुठेही काही न घालता सांगायची तिला सवय नव्हती. ती मध्येच अडखळत होती, मागे जात होती. पण गोष्ट 'चहालाही नाही, जेवायच्या वेळी'पर्यंत आली तेव्हा बाई हसता हसता महाराजावर बसल्या. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग आता झोपू देते का ती त्यांना?"

"माहीत नाही," कादंबरी म्हणाली.

"कळलं की सांग हं," म्हणून बाई गेल्या. गादी त्यांनी परत केली नाही. घेतलीही नाही नवी.

त्या संध्याकाळी कादंबरी घरी आली आणि पंख्याखाली न पडता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. पहिलं वाक्य गृहस्थांच्या बायकोचंच होतं, आणि एकदा त्या बोलायला लागल्यावर थांबेनात. त्यांनी नवऱ्याला माळ्यावर चढवलं, मुलाला डबा दिला, बहिणीच्या कपाटाबद्दल तक्रार केली. मरायला त्यांना सवडच होईना. कादंबरी होईल एवढं ते नव्हतं. फार तर गोष्ट होती. आईनं भाजी चिरायला टेबल मागितलं, पण ती लिहितेय हे बघून विळी घेऊन खाली बसली, गुडघ्यांसकट.

दोन-तीन दिवसांनी दादानं ते कागद उचलले. टोमणा येणार म्हणून ती तयारच होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या वाचत राहिला. एकदा नाकातून हसला. शेवटचा कागद उलटा करून त्यानं मागची बाजूही पाहिली.

"एवढंच?"

"एवढंच झालंय अजून."

"त्या गादीवाल्याचं अजून येऊ दे," तो म्हणाला, आणि कागद नीट जुळवून ठेवून गेला. मीठ मागितलं नाही.

सुट्टी संपत आली. कादंबरीच्या शेवटच्या दिवशी काकांनी तिला पगाराचं पाकीट आणि वर एक उशी दिली. "तू नसताना जमायचं नाही," ते म्हणाले. "पुढच्या उन्हाळ्यात येशील ना? मी शेजारचा गाळा घेतोय. कपाटं ठेवणार आहे."

"कपाटं?"

"लाकडी. मोठी. आरसेवाली." त्यांनी आवाज खाली आणला. "कपाटाची एखादी गोष्ट येते का तुला?"

"या वेळी कुणाला मारायचं नाही, काका."

"छे छे. सगळी धडधाकट ठेव. फक्त जरा रडू यायला हवं."

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि उशी बगलेत मारून निघाली. उन्हं अजून चांगलीच तापत होती. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं उशीसकट प्रतिबिंब दिसलं, पण ती थांबली नाही. एव्हाना त्या आरसेवाल्या कपाटात एक जाडजूड माणूस शिरून बसला होता, बाहेर त्याची सासू साड्या आवरायला आली होती, आणि तो मुळात आत का शिरला असावा हे घर आलं तरी तिला ठरवता येत नव्हतं.